निखारा लागला नाही

पोपटीच्या दुसऱ्या दिवशी शेतात भांबुर्ड्याचा वास रेंगाळत असतो. ज्या पाल्यात पोपटीच्या वालाच्या शेंगा मडक्यात भाजल्या, तो पाला थंड राखेतही कडसर दरवळतो. त्या वासातून, दवाने ओल्या झालेल्या बांधावरून, मी सकाळी सातला नेऱ्याला माहेरी पोचले, वहिनीचं रक्त घ्यायला.

पनवेलमध्ये माझी छोटी लॅब आहे. वीस वर्षं मी लोकांच्या दंडाला पट्टा बांधते आहे. सुरुवातीला साखर तपासायला साठीचे व्यापारी येत. आता विचुंब्याच्या नव्या इमारतींतली तिशीतली मुलं येतात, आणि नेऱ्याची माणसंही येतात, ज्यांच्या जमिनी फार्महाऊसना गेल्या, चिखलातली चाल संपली, पण ताटातला भाताचा ढीग तेवढाच राहिला. पूर्वी या दुखण्याची धास्ती होती, कारण माणसं लवकर जात. आता औषधं चांगली आली, लोक वर्षानुवर्षं जगतात, याचं मला बरंच वाटतं. पण धास्तीबरोबर काळजी घेणंही गेलं की काय, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

आमच्याकडे रीतच पडली आहे. तपासणीआधी तीन दिवस भात बंद, कारल्याचा रस सुरू. आकडा बरा आला की त्याच दुपारी गोडाचं जेवण. वहिनी यात पटाईत.

"तीन दिस भाताला शिवली नाय मी," हात पुढे करत ती म्हणाली. "काल पोपटीला पण चार शेंगा नि एक अंडं. बघच आता आकडा."

"या वेळी तीन महिन्यांची सरासरीही काढणार आहे. तिच्यापुढे तुझे तीन दिवस चालायचे नाहीत."

"तू नणंद हायेस का पोलीस?"

सुई काढली तेव्हा तिनेच हसत सांगितलं, की काल मडकं बाहेर काढताना ती अनवाणी निखाऱ्यावर उभी होती, आणि कातडी जळल्याचा वास आला तेव्हा तिच्या मुलींनी तिला ओढलं. "मला काय समजलाच नाय. शेतात राबलेले पाय हायत हे!"

बाबांनाही पायाला लागलेलं असंच कळत नसे. पुढे गुडघ्याखाली पाय काढावा लागला, आणि ते गेले तोवर त्यांची जखम रोज याच वहिनीने धुतली, नाक न मुरडता. ती हे विसरली असेल, असं मला वाटत नाही. म्हणूनच ती जरा जास्त हसत होती.

मी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि पाय मांडीवर घेतला. तळव्यावरचा फोड फुटून आतलं लाल दिसत होतं. पडवीत कोवळं ऊन आलं होतं, आणि त्या उन्हात तिचा पाय अगदी ओळखीचा दिसत होता, बाबांचा असावा तसा. थंड पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा मी जखमेवर टेकवला, मग जरासा दाबला.

वहिनी ओठ घट्ट मिटून, चटका सोसायच्या तयारीने बसून राहिली.

"अगं, लाव की आता," थोड्या वेळाने ती म्हणाली. "किती वाट बघायची?"

बोळ्यातलं पाणी तिच्या टाचेवरून ओघळून माझ्या मांडीवर ठिबकत होतं.