फॉरमॅट न मारलेला कॉम्प्युटर

मुलांनो, आज मी रागावलेली आहे आणि राग उतरायच्या आत हे लिहून काढते आहे. राग उतरला की मी समजूतदार होते, आणि मग निम्मं गाळते.

दिवाळीपासून माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर हिरव्या रेघा यायच्या. आत ग्राफिक्स कार्ड नावाचा एक भाग असतो, पडद्यावर चित्र उमटवणारा. त्याचा पंखा आमच्या बोरी गावच्या धुळीने बसला होता. तुमच्या बाबाने तिकडे परदेशात बसून नवं कार्ड मागवलं आणि ते बसवायला आळेफाट्याहून एक दुरुस्तीवाला पाठवला. इथवर माझी तक्रार नाही.

कार्ड बसलं, पण अक्षरं पेरूएवढी झाली आणि पान अर्धंच दिसू लागलं. नव्या कार्डाला ड्रायव्हर लागतो, म्हणजे कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाष्या. दुरुस्तीवाल्याने खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि त्यातला ड्रायव्हर घालायला घेतला. पडद्यावर इंग्रजीत एक सूचना आली. मी चष्मा लावेपर्यंत त्याने ओके दाबून ती घालवली. पुन्हा आली, पुन्हा घालवली.

“थांबा, मला वाचू द्या.”

“आजी, ते तसंच म्हणत असतंय. आपण ओके म्हणायचं.”

“काय म्हणतंय ते न वाचता?”

“वाचत बसलो तर दिवसाला दोनच गिऱ्हाइकं व्हतील. तुमी चा ठेवा.”

चहा मी ठेवला नाही. आमच्या आळीत पंपाबरोबर आलेलं पुस्तक, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर, कोणाचा पासपोर्टचा अर्ज, जे इंग्रजीत असेल ते माझ्याकडे वाचायला येतं. आणि माझ्याच टेबलावरची सूचना हा मला वाचू देईना.

पाचव्यांदा ओके दाबून तो उठला. “लई जुनं झालंय ह्ये. फॉरमॅट मारावं लागंल. डबा दुकानावर नेतो, उद्या आणून देतो. अंधार पडायच्या आत मला ऊस ओलांडायचाय, तिथं बिबट्या बसतोय.”

“फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसणार?”

“हां. कोरं करकरीत.”

“आत माझं लिखाण आहे.”

“टायपिंग व्हय? परत करा की. तुमाला येळच येळ हाय.”

ते टायपिंग म्हणजे तुमच्यासाठी लिहिलेली एकशे चाळीस पानं. दोन वर्षं, रोज सकाळी नऊ ते अकरा. तुमच्या पणजीने विहिरीच्या वाट्यासाठी भावकीशी घातलेला वाद, तुमच्या आजोबांनी पहिल्यांदा लावलेली द्राक्षबाग आणि ती कशी गेली, हे सगळं त्यात. दुसरी प्रत कुठेही नव्हती. हा दोष माझा. घरातल्या डब्याडब्यावर मी चिठ्ठी लावते, पण प्रत काढायची ती सगळं पुरं झाल्यावर, असं धरून बसले होते.

मी नको म्हटल्यावर त्याने टेबलावरच्या माझ्याच फोनवरून तुमच्या बाबाला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

“साहेब, फॉरमॅट मारू का? आजी नको म्हणत्यात.”

“मारा हो,” तुमचा बाबा म्हणाला. “आईचं त्यात काय असणार? दोन-चार फोटो असतील.”

दुरुस्तीवाल्याने वायरी काढल्या आणि डबा काखेत घेतला. मी दारात उभी राहिले आणि डबा जागेवर ठेवायला सांगितलं. तो डबा ठेवून गेला. फोन मी बंद केला, बाबाशी एक शब्द न बोलता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन बसले. वायरी जोडल्या आणि तीच सूचना पुन्हा आणली. साधं इंग्रजी होतं: हा ड्रायव्हर या कार्डासाठी नाही. खोक्यावरचा क्रमांक आणि त्याच्या फाइलवरचा क्रमांक शेजारी शेजारी लिहिले, तर शेवटचे दोन आकडे वेगळे. खोक्यातल्या पुस्तिकेत दुसरीही गोष्ट लिहिलेली होती: आधी जुन्या कार्डाचा ड्रायव्हर काढून टाका. तोही कोणी काढला नव्हता. मी तो काढला, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला, फोनच्या इंटरनेटवरून खोक्यावरच्या क्रमांकाचा ड्रायव्हर उतरवला आणि घातला. उतरायलाच दीड तास लागला. जेवणाआधी पडदा स्वच्छ झाला. एकशे चाळीस पानं जागेवर होती.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दुरुस्तीवाल्यावर मी फार रागावू शकत नाही. तो मला ओळखत नाही. तुमचा बाबा ओळखतो. दर रविवारी फोनवर मी त्याला सांगते, आजवर एवढी पानं झाली. तो म्हणतो, हो का, छान.

संध्याकाळी त्याचाच फोन आला. काय पुसलं जाणार होतं ते मी त्याला सांगितलं. “अगं, मला वाटलं तू वेळ जायला काहीतरी टाइप करतेस.”

“वेळ जायला मी कांदे निवडते,” मी म्हटलं.

मग तो म्हणाला, “पाठव ना मला. वाचतो.”

दोन प्रती काढल्या. एक पेन ड्राइव्हवर कपाटात आहे, दुसरी आज त्याला पाठवते आहे, सगळ्यात वर हे पान ठेवून. तुम्हाला मराठी कळतं, पण वाचता येत नाही, म्हणजे वाचून दाखवणार तोच. मध्येच कुठे तो थांबला, तर म्हणा, बाबा, पुढे वाच.