सर्वपित्रीचा भात

काशीत ब्रह्मा घाटावरच्या आमच्या गल्लीत ब्राह्मणांना तोटा नाही. तरी सर्वपित्री अमावास्येला जेवायला ब्राह्मण मिळत नाही, हे मी लग्न होऊन इथे आल्यापासून चाळीस वर्षं बघते आहे. त्या दिवशी ज्याच्या त्याच्या घरी ज्याचे त्याचे पितर बसलेले असतात. मागच्या वर्षी सासऱ्यांच्या नावानं आम्ही दोघांना सांगून ठेवलं होतं. एकाला ताप आला. दुसऱ्यानं ऐन दीड वाजता निरोप पाठवला की मुन्शी घाटाकडच्या यजमानांकडे अडकलोय, वाट बघू नका. मी भाताच्या पातेल्याकडे बघत उभी राहिले. अंदाज चुकण्यात माझा हात कोणी धरणार नाही, पण त्या दिवशी माझी चूकसुद्धा नव्हती.

श्राद्धाचं अन्न परक्याला द्यायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. गंगेत सोडावं तर घाटावर हल्ली पहारेकरी शिट्ट्या वाजवतात. आम्ही दोघं खाऊन खाऊन किती खाणार? नवरा म्हणाला, "गाईला घाल की. गोग्रास कधी वाया जातो का?" मला ते एकदम पटलं.

गाय खालच्या बोळातल्या दूधवाल्याची. आमच्याकडे दूध तिचंच. सकाळी धार काढून झाली की तो तिला सोडून देतो. ती घरोघर फिरते आणि संध्याकाळी आपली आपण गोठ्यात परतते. मी तिच्यापुढे भात-वरण, उडदाचे वडे, खीर, सगळं मांडलं. तिनं पातेलं चाटून लख्ख केलं. खोटं कशाला सांगू, सासरे पोटभर जेवून उठले असं वाटून माझे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आलं नाही. चौकशीला गेले तर गाय गोठ्यात आडवी पडलेली. डावी कूस ताणून फुगलेली, डोळे आत गेलेले, रवंथ बंद, आणि गोठ्यात आंबट वास. दूधवाला डोक्याला हात लावून बसला होता. मी साठीला आले तरी तो मला बहूजीच म्हणतो. म्हणाला, "बहूजी, ई न बची." म्हणजे ही काही वाचत नाही.

डॉक्टर आली ती पंचविशीची मुलगी. बाह्या सरसावून तिनं गाईचं पोट दाबलं आणि विचारलं, "कल क्या-क्या खाया है इसने? सच बताइएगा, इलाज उसी से होगा।" दाराशी जमलेली आम्ही माणसं एकमेकांकडे बघायला लागलो. काशीत राहून गोहत्या! पण गप्प बसले तर ती नक्कीच मरणार होती. मी सांगून टाकलं. पातेलं केवढं होतं ते हातानं दाखवलं.

मग एकेकाची तोंडं उघडली. समोरच्यांनी भात घातला होता, त्यांच्या वरच्यांनी खीर-पुरी. कोपऱ्यावरच्या शास्त्रीबुवांकडचेही ब्राह्मण आले नव्हते. आठ घरं निघाली. प्रत्येकाला वाटलं होतं, आपणच काय ते घालतोय. डॉक्टर म्हणाली, गाईच्या पोटात चारा पचवणारे बारीक जीव असतात. त्यांच्यावर एकदम एवढा भात पडला की सगळं आंबतं, आधी ते मरतात, मग गाय. तिनं नळीनं सोड्याचं पाणी पोटात सोडलं, सुया दिल्या आणि बजावलं, आता आठ दिवस फक्त सुका चारा, अन्नाचं एक शीतही नको.

ती गेल्यावर दूधवाल्यानं मला बाजूला घेतलं. "बहूजी, तीन दिन से हम दाना भी बढ़ा दिए थे। सब लोग खीर के लिए ज़्यादा दूध माँग रहे थे।" जास्तीचं दूध सगळ्यांत आधी मीच सांगितलं होतं. म्हणजे करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तोही दोन्हीकडून माझ्याच हातानं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात नुसता गोंधळ आहे. दाणा, म्हणजे धान्याचा भरडा, वाईट का, असं मी डॉक्टरला फोन करून विचारलं. ती म्हणाली, तसं नाही. दूध देणाऱ्या गाईला थोडा दाणा लागतोच, पण चारा आधी, आणि दाणा वाढवायचा तो हळूहळू. दूधवाला म्हणतो, नुसत्या भुशावर ही आटेल, मग मी खाऊ काय? शास्त्रीबुवांनी तर कहरच केला. म्हणाले, ज्याला श्राद्ध करायला काहीच जमत नाही त्यानं गाईला गवताची पेंढी घालावी, तेवढ्यानं पितर तृप्त होतात, असं शास्त्रातच आहे. मी भडकले. मग हे परवा का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "अहो, ते गरिबांसाठी आहे. आपण कसं गवतावर भागवायचं?" गरिबाच्या वाट्याचं ते गाईला पचतं आणि आपल्या वाट्याचं तिला मारतं, तर खरं श्राद्ध कुणाचं? मला अजून कळलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी गाय उठून बसली. चौथ्या दिवशी तिचा जबडा हलायला लागला आणि दूधवाल्याची बायको माझ्या गळ्यात पडून रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सहाव्या दिवशी दावं सोडवून ती थेट आमच्या दारात आली. बरगड्या दिसत होत्या. मी नुकत्याच पोळ्या करून ठेवल्या होत्या. त्यांचा वास तिला आलाच असणार. एका पोळीनं काय होतंय, असं मनात आलं, हातही डब्याकडे गेला. मग मी दार लोटलं आणि आतून कडी घातली. दारात आलेली गाय या घरातून कधी रिकामी गेली नव्हती. ती कपाळानं फळीला ढुशा देत राहिली. मी दाराला पाठ लावून खाली बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "जा गं बाई, जा." ती बराच वेळ गेली नाही.