राउटर बंद-चालू करायचा नाही!

नेट स्लो झालं की बाकीच्यांकडे तक्रार तयार होते, आमच्याकडे किस्सा तयार होतो. ग्वाल्हेरमधलं दौलतगंज, खासगी बाजार, नई सडक, एवढ्याच पट्ट्यात आमची मंडळी राहतात. पण किस्से इतके साठलेत की आता जुने डिलीट केल्याशिवाय नवे बसत नाहीत. त्यातल्या निम्म्यात उषा आत्या आहे. उरलेल्या निम्म्यातही तीच आहे, फक्त जरा उशिरा येते.

उषा आत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झाली. तिचा कॉम्प्युटर जुना झाला, नवी सिस्टिम त्याला पेलवेना. दुकानदार म्हणाला, "मैडम, इसको तो अब फेंक दो." आत्यानं त्याच्याकडे असं बघितलं की तो काउंटर पुसायला लागला. घरी येऊन तिनं त्याच कॉम्प्युटरवर लिनक्स, म्हणजे जुन्या मशीनलाही पेलणारी फुकटची सिस्टिम, टाकलं. मग आमच्या सगळ्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकलं. कुणाला विचारलं वगैरे नाही.

आत्याचा नियम एकच. नेट स्लो झालं तर राउटर बंद-चालू करायचा नाही. "बंद केलास की पुरावा धुतलास. मग आजार काय होता ते कसं कळणार?"

*

हा नियम पहिल्यांदा मोडला सोनू भदौरियानं. माझा शाळेपासूनचा दोस्त, नई सडकवर राहतो. आत्या त्याच्याकडे नेट बघायला पोचली तर यानं आधीच राउटर बंद करून चालू केलेला. नेट एकदम सुसाट.

"का केलंस?"

"आंटी, आदत है."

"ठीक आहे. परत स्लो होईपर्यंत बसते."

आणि आत्या बसली! सकाळपासून. चहा झाला, जेवण झालं, परत चहा झाला. आत्या लॅपटॉपकडे बघतेय, सोनूचं घर आत्याकडे बघतंय. नेट काही स्लो व्हायला तयार नाही. मला विचाराल तर ते घाबरलं होतं.

संध्याकाळी आत्या हरून उठली. सोनूची आई दारापर्यंत पोचवायला आली आणि हात धरून म्हणाली, "दीदी, आप रोज़ आ जाया करो. आप बैठती हो तो नेट अच्छा चलता है!"

*

दुसऱ्यांदा मात्र कारण सापडलं. सोनू लिनक्सची अख्खी सिस्टिम जगभरच्या अनोळखी लोकांना वाटत होता. टॉरेंट दिवसरात्र चालू. याच्या घरातून सगळं बाहेर चाललेलं, आत यायला जागाच नाही.

"हे काय आहे?"

"पुण्य है, आंटी."

आत्या म्हणाली, "पुण्याला लिमिट लाव."

*

एकदा मला वाटलं, आत्याची गंमत करावी. तिच्या राउटरचा पासवर्ड मला माहीत होता. मी तिच्या वाय-फायचं नाव बदलून 'आत्या रागीट आहे' असं ठेवलं. शेजारपाजारच्या सगळ्या फोनवर दिसायला लागलं. आत्या काही बोलली नाही. नावही बदललं नाही. मला जरा वाईटच वाटलं, मेहनत वाया गेली म्हणून.

त्याच सुमारास माझा लॅपटॉप आत्याकडे गेला की रांगायला लागला. बाकी सगळ्यांचं मस्त चालतंय, माझंच नाही. मी ड्रायव्हर बदलला. चॅनेल बदलून बघितला. लिनक्स वाय-फायच्या कार्डाला बॅटरी वाचवायला मधूनमधून डुलकी घेऊ देतं, ती डुलकी बंद केली. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, तोही नवा टाकला. काही नाही! आत्या समोर बसून भाजी निवडायची आणि विचारायची, "मग? आज काय शिकलास?" मी पण मन लावून सांगायचो.

शेवटी मी हात जोडले. आत्यानं राउटरचं पान उघडलं. त्यात फक्त माझ्या लॅपटॉपच्या नावापुढं एक बारीकशी लिमिट होती. ती तिनं काढली.

"कधी लावली होतीस?"

"नाव वाचलं तेव्हा. इतकं शिकत होतास, मधे थांबवावंसं वाटेना."

गुरू असा पाहिजे.

*

आता निखिलचं. निखिल जगदाळे, खासगी बाजारात राहतो. आई नाही, घरी हा आणि जगदाळे काका, दोघंच. निखिलला गुडगावच्या एका कंपनीत नोकरी लागली, घरून काम. काकांना ग्वाल्हेरमधून हलायचं नाही आणि निखिलला काकांना एकटं सोडायचं नाही, म्हणून ही नोकरी म्हणजे लॉटरी. पण रोज सकाळी साहेबांबरोबर व्हिडिओ कॉल, आणि रोज तो अडकायचा. शेवटी साहेब म्हणाले, "देखो निखिल, महीने भर में नेट ठीक करो, नहीं तो गुड़गाँव आना पड़ेगा."

निखिलचं तोंड एवढंसं झालं. आम्ही सगळे आपापले लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे धावलो. दोस्ती म्हणजे दोस्ती. सगळ्यांनी एकदम स्पीड टेस्ट लावली. नेट रांगतंय! परत लावली. आणखी वाईट! सोनू म्हणाला, "भाई, तू पैकिंग कर ले."

तेवढ्यात आत्या आली. दारातूनच एक नजर टाकली आणि म्हणाली, "लिंबू पिळायला सगळे बसलात आणि रस का येत नाही विचारताय? बंद करा!"

आम्ही बंद केले. निखिलचं नेट दुप्पट झालं.

*

पण दुप्पट होऊनही पुरेसं नव्हतं. जगदाळे काका महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात नोकरी करून रिटायर झालेले. ते दिवाणावर बसल्या बसल्या पहिल्या दिवसापासून सांगत होते, "पाइप कुठंतरी दबलाय. प्रेशर मिळत नाही." निखिल म्हणायचा, "बाबा, हे पाणी नाहीये."

आत्यानं निखिलच्या कॉम्प्युटरवर कमांड मारली आणि म्हणाली, "कार्ड हजाराच्या स्पीडचं आहे, राउटरही हजाराच्या स्पीडचा आहे, पण दोघं शंभराच्या स्पीडनंच बोलतायत. मधल्या केबलमध्ये आठ तारा असतात. त्यातली एक जरी तुटली तरी हे लोक भांडत नाहीत. गुपचूप खालच्या गिअरमध्ये चालतात."

केबल धरून आम्ही भिंतीभिंतीनं सरकत गेलो. ती गेली दिवाणाखाली. दिवाणाचा पाय बरोब्बर केबलवर. चपाती झालेली!

आत्या काकांना म्हणाली, "कमाल आहे जगदाळे तुमची. मला मशीनला विचारावं लागलं. तुम्हाला बसल्या जागी कसं कळलं?"

काका म्हणाले, "बसल्या जागीच कळलं. रोज मी बसलो की हा ओरडायचा, नेट गेलं."

*

केबल नवी टाकली. स्पीड असा आला की निखिलच्या डोळ्यांत पाणी. आणि दुसऱ्या दिवशी साहेबांचा कॉल? परत अडकला! महिना संपत आलेला. साहेब म्हणाले, आता शेवटची टेस्ट, अख्ख्या टीमसमोर.

त्या सकाळी निखिल इस्त्रीचा शर्ट घालून बसला. कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेतानं आम्ही भिंतीला चिकटून उभे. काका दिवाण सोडून स्वयंपाकघरात. आत्या निखिलच्या बाजूला.

कॉल सुरू झाला. दोन मिनिटांत साहेब अडकले. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला. मग तुटक तुटक आवाज, "निखिल... फिर... तुम्हारा नेट..."

निखिलनं मान खाली घातली. आत्यानं चष्मा वर केला आणि स्क्रीनकडे बघत राहिली.

"निखिल, बाकीची चौघं हलतायत?"

"हो."

"आपल्याकडचं अडकलं असतं तर सगळेच अडकले असते. इथं पुतळा फक्त साहेबांचा झालाय." आणि खुर्ची ओढून सरळ कॅमेऱ्यात! "सर नमस्ते, मैं उषा. आपका राउटर कहाँ रखा है?"

साहेबांचा आवाज तुकड्यातुकड्यानं आला, "फिश... टैंक... के पीछे."

"पानी वाय-फाय को पी जाता है, सर. आपका नेट मछलियों को मिल रहा है. लैपटॉप लेकर राउटर के पास जाइए."

साहेब लॅपटॉप घेऊन उठले. स्क्रीनवर छत दिसलं, पंखा दिसला, एक मोठा केशरी मासा दिसला. आणि साहेबांचं चित्र एकदम स्वच्छ! टीममधल्या एका मुलीनं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच.

निखिलचं गुडगाव रद्द झालं. साहेब दिलदार माणूस. ही आंटी कोण ते बघायला सुट्टी काढून ग्वाल्हेरला आले. काकांच्या हातचे पोहे खाल्ले. निखिलचा स्पीड बघितला. वरचा मजला रिकामा आहे का, एवढंच विचारलं.

आता साहेब तिथंच राहतात, माशांसकट. मीटिंग रोज सकाळी होते, पण लॅपटॉप कुणी उघडत नाही. साहेब जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन ओरडतात, "निखिल, आवाज़ आ रही है?"

खालून काही उत्तर येत नाही.

मग स्वयंपाकघरातून काका ओरडतात, "म्यूट पर है, साहब! मुँह में पोहा है!"