वहिनींचा मूळ आवाज

लिहिणे हा माझा प्रांत नव्हे. निवृत्तीनंतर चार-दोन पाने लिहून पाहिली, तीही कुणाला दाखवण्याचा धीर झाला नाही. तेव्हा पुरवणीच्या वाचकांपुढे घरातल्या माणसाविषयी बोलू लागणे हे माझ्याकडून धारिष्ट्यच होत आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. ज्यांच्याविषयी लिहायचे त्या माझ्या थोरल्या वहिनी शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीबाहेर फारशा कुणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. गेल्या महिन्यात एका दुपारी माहेरी आलेली पुतणी माझ्या माडीवर धावत आली आणि म्हणाली, “काका, आई उठंना.” खाली जाईपर्यंत सगळे संपलेले होते. झोपेतच हृदय थांबले, असे डॉक्टर म्हणाले. मी विचारले, गोळीमुळे तर नाही ना? ते नाही म्हणाले. मी पुन्हा विचारले. त्यांनी पुन्हा तितक्याच शांतपणे नाही म्हटले… तिसऱ्यांदा विचारणे मला जमले नाही.

ती गोळी कसली, हे सांगण्यासाठी नव्वदच्या दशकात जावे लागेल. वहिनी कागलच्या, आणि आवाज असा, की उन्हाळ्यात चटणी कांडून घ्यायला डंकावर गेल्या तर त्या लोखंडी मुसळांच्या दणदणाटावरून त्यांचे “मीठ मागनं घाला की!” हे रस्त्यापलीकडे ऐकू यावे. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे, पण वर्गाबाहेर माझ्या तोंडून शब्द फुटणे कठीण. दुकानदाराने विटके कापड गळ्यात मारले की ते घेऊन वहिनीच परत जात आणि येताना मला ऐकवत, “काय हो भावजी, पोरास्नी एवढं शिकवतासा आणि त्या बाबाला दोन शब्द बोलवंनात व्हय? तोंडात काय मिठाची गुळणी धरलीया?” लग्न न केलेल्या, बुजऱ्या दिराच्या वाटचे सगळे बोलणे त्यांनी जणू स्वतःच्या अंगावर घेतले होते.

तो आवाज हळूहळू खाली बसत गेला. इतका हळूहळू, की आम्हाला ते कळलेच नाही. म्हणजे कळले, पण उलटे कळले. वहिनी आता कुणाला तोडून बोलत नाहीत, हाक मारली तर थांबून उत्तर देतात, याचे सगळ्यांना बरेच वाटत होते. शेजारच्या बायका म्हणत, वयाने निवळल्या. माझे थोरले भाऊ, म्हणजे आमचे दादा, तर जोतिबाला नारळ फोडून आले. भर वैशाखात त्या स्वेटर घालून बसत, चेहरा सुजट दिसे, बसल्या जागी डोळा लागे. तरी त्यांच्या त्या नव्या सौम्यपणाचे कौतुक संपेना. अखेर डंकाच्या मालकीणबाईंनीच दादांना गाठले. “पावणं, तुमच्या मंडळींचा आवाज मला ऐकू येईना झालाय. डॉक्टरला दाखवा त्यास्नी.”

डॉक्टरांनी गळ्यावरून हात फिरवला आणि विचारले, “आवाज पहिल्यापासून असाच?”

“न्हाय न्हाय,” दादा हसून म्हणाले, “आत्ता कुठं माणसात आलीया.”

डॉक्टर हसले नाहीत. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंदावली आहे, तिचे काम आता गोळीने भरून काढायचे, आणि गोळी किती हे रक्त तपासत, सावकाश ठरवायचे, असे त्यांनी समजावले. दादांची मान त्यानंतर बराच वेळ खालीच होती.

रक्त तेव्हा बाहेरगावी पाठवावे लागे. गोळी आधी अर्धी, मग अहवाल पाहून अख्खी. अर्धी करण्याचे काम माझ्याकडे आले, कारण मी रसायनवाला. अर्ध्या गोळीवर फार फरक पडला नाही. अख्खीवर मात्र काही आठवड्यांनी एका सकाळी वहिनींनी भाजीवाल्याला असे काही झापले, की समोरच्या तालमीतली पोरे बाहेर येऊन हसू लागली आणि आमच्या घरात सणासारखा आनंद झाला. तो टिकला नाही. आवाज चढतच गेला. वहिनी तिघींचे काम एकट्या करू लागल्या, घाम फुटे, झोप लागेना, जेवण वाढताना हातातल्या बांगड्या उगाच किणकिणत. छातीत धडधडते, हे त्यांनी लपवले; बांगड्यांना ते लपवता आले नाही. त्या दिवसांत माझे निम्मे लक्ष पुस्तकात आणि निम्मे त्या किणकिणीकडे असे.

आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “आकडा काठावर आहे. हात थरथरतो म्हणजे थोडी कमी करावी लागेल. पण ही चिडचिड, ही धावपळ औषधाची की स्वभावाची? मूळच्या कशा होत्या त्या?”

दादांनी माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले. “अशीच,” दादा म्हणाले, “म्हंजे… अशी न्हाय. पर अशीच.”

“मला इचारा की!” वहिनी उसळून म्हणाल्या. “मी कशी हुतो ते ह्यास्नी काय म्हाईत?” मग त्यांनी तोंड उघडले आणि ते तसेच राहिले. इतक्या वर्षांत त्यांना शब्दासाठी अडलेले मी प्रथमच पाहत होतो. “खरं सांगू का डॉक्टर,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “मलाबी आठवंना.”

गोळी पाऊण ठरली. धडधड थांबली, अहवाल व्यवस्थित येऊ लागले, डॉक्टरांच्या लेखी प्रश्न मिटला. वहिनींच्या लेखी तो तिथे सुरू झाला. कुणाशी भांडून आल्या की त्या माझ्या दाराशी येऊन विचारत, “भावजी, ह्यो राग माझा हाय का गोळीचा?” कधी चेष्टेने, “आज तुकडा मोठा पडला जणू, सकाळधरनं ह्यास्नी लई बोललोय.” पण पुतणीच्या पाठवणीच्या दिवशी, गाडी दिसेनाशी झाल्यावर, डोळे पुसत त्यांनी तेच विचारले, तेव्हा त्यात चेष्टा नव्हती. “एवढं रडू माझंच हाय न्हवं?” मी म्हणालो, तुमचेच. कशाच्या आधारावर म्हणालो, ते मला आजही सांगता येणार नाही. ग्रंथी मंद झाली की माणूस मंद होते आणि गोळी वाढली की तापते, इतके मला पुस्तकातून कळत होते. या दोहोंमध्ये वहिनी नेमक्या कुठे उभ्या आहेत, हे कुठल्याच पुस्तकात नव्हते.

दादा गेल्यावर त्या पुन्हा गप्प झाल्या. मला धसकाच बसला. रक्त तपासले, आकडा ठीक होता. तरी मी रोज सकाळी काहीतरी बोलायला लावून त्यांचा आवाज अजमावत असे. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी खिडकीशी बसल्या होत्या. मी म्हणालो, वहिनी, पुन्हा एकदा तपासून घेऊ या का? त्या वळून म्हणाल्या, “बसू द्या की हो गप. दर येळंला गोळीच कशी असंल? आता ही मी हाय.” ती मान्य करण्यासारखी गोष्ट होती, पण मन मानेना… सकाळी डॉक्टरांकडे न्यायचे बेत रात्रभर करत राहिलो, आणि सकाळी वहिनींनी ठाम नकार दिला. त्याच दुपारी त्या गेल्या.

आता घर शांत आहे. कुणावर चिडलो, कशाने गहिवरलो, की हे माझेच आहे ना, असे मी स्वतःला विचारतो; मला तर कसली गोळीही नाही. वहिनींची ती सवय माझ्याकडे राहिली आहे, आणि खिडकीशी बसून त्या जे म्हणाल्या त्यावर विश्वास ठेवायला मी अजून शिकतो आहे. वाचकहो, एकच विचारतो : तुमच्या घरात रोज तुमच्याशी बोलणारे माणूस मुळात कसे आहे, असे उद्या एखाद्या डॉक्टरांनी विचारले, तर तुम्हाला सांगता येईल का?