टिचकीमामांची घोडी

टिचकी मारल्याशिवाय आमच्या मामांनी आयुष्यात काही विकत घेतलं नाही. पातूरजवळच्या मळ्यात जन्मभर टरबुजं पिकवल्यामुळे त्यांचा डोळ्यांपेक्षा बोटावर विश्वास. माठ असो की दरवाजा, आधी टिचकी, मग कान लावायचा आणि निकाल: "भरीव हाय" किंवा "पोचट हाय." माझ्या पहिल्या पुस्तकालाही त्यांनी टिचकी मारली होती. निकाल मी विचारला नाही.

वैशाली ही त्यांची एकुलती मुलगी. अमरावतीला कॉलेजात असताना घोडेस्वारी शिकली. मैदानात तीन पिंपं मांडायची, त्यांना वळसे घालून घोडा कमीत कमी वेळात परत आणायचा, या शर्यतीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. अकोल्याच्या मेळाव्यात पहिल्या येणाऱ्याला घोडेस्वारी शिकवायची नोकरी मिळणार होती. नाही मिळाली तर दिवाळीनंतर लग्न, असं मामींनी मुलाकडच्यांना कळवूनही टाकलं होतं. आणि महिनाभर आधी वैशालीचा नेहमीचा घोडा लंगडायला लागला.

मामा घोडा शोधायला निघाले. मी सोबत, कारण मला गाडी चालवता येते. घोड्यातलं दोघांनाही कळत नव्हतं. मूर्तिजापूरला एक घोडा दाखवला.

"हा तं उभ्यानं झोपला हाय," मामा म्हणाले.

"घोडे उभ्यानंच झोपतात, मामा. मी वाचलंय."

"वाचलं तं ठीक हाय. पण धावतानी नको झोपू म्हणा त्याले."

चांदूर बाजारलाही हात हलवत परतलो. तेव्हापासून मामांचं जेवणात लक्ष राहिलं नाही. "पोरीले शब्द देल्ला बापू," ते गाडीत म्हणाले, "आता काय टरबुजावर बसवू तिले?"

शेवटी अकोल्यात वरातीसाठी घोडी देणाऱ्या एका चाचांकडे पांढरी राणी सापडली. मामांनी तिच्या पाठीवर टिचकी मारली, पोटाला कान लावला. "भरीव हाय!" वैशालीने तिला पिंपांभोवती फिरवली, तर ती भिंगरीसारखी वळली. मामांनी तोंड फिरवून पैसे मोजले आणि घोडी विकत घेतली.

मेळाव्याचे प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा, नेमके वैशालीची फेरी चालू असताना आले. आयोजकांना शर्यतीपेक्षा शाल महत्त्वाची. त्यांनी बँड सुरू केला. दुसऱ्या पिंपापाशी राणी थबकली आणि नाचायला लागली. बँड वाजला की थांबून पाय उचलायचे, एवढंच तिचं शिक्षण झालं होतं. वैशाली टाचा मारत होती, रडत होती. लोक शिट्ट्या वाजवत होते. पाहुण्यांना वाटलं, हा आपलाच सत्कार. त्यांनी घोडीला हात जोडले.

"बँडचं इचारलं असतं तं सांगितलं असतं ना," चाचा खजील होऊन म्हणाले.

"अंगाले टिचकी मारली," मामा म्हणाले, "कानाले मारली नाई."

घरी येऊन ते मामींसमोर बसले. "पुढच्या मेळाव्यापर्यंत एक साल दे मले. पोरगी नाई चुकली, मी चुकलो."

मग रोज सकाळी मळ्यात मोबाईलवर वरातीची गाणी. राणी थबकली की मामा दुखऱ्या गुडघ्यांनी पुढे व्हायचे आणि लगाम धरून तिला तिसऱ्या पिंपापर्यंत न्यायचे. शेजारचे बांधावरून ओरडायचे, "कोनाचं लगन हाय भाऊ?"

"घोडीचं! मोडून राहिलो!"

साल पुरं व्हायला दोन महिने असताना मामा तिथेच, तिसऱ्या पिंपाला टेकून बसले ते उठले नाहीत.

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला वाजतगाजत नेतात. चाचा आपणहून ओळखीचा बँड घेऊन आले. अंत्ययात्रा मळ्यावरून निघाली. राणी बांधाशी उभी होती. वाजंत्री तिच्यासमोर आली, तशी माणसं तिरडी सोडून घोडीकडे पाहू लागली. तिने कान टवकारले. बँड पुढे गेला, तरी तिचा एकही पाय उचलला गेला नाही.

"आई, पाह्य ना," वैशाली एवढंच म्हणाली.

मामींनी घोडीकडे पाहिलं, मग पुढे चाललेल्या खांद्यांकडे.

"फारम भर," त्या म्हणाल्या.