गोफाचं दुसरं टोक

रेणापुरात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. गळ्यामागच्या दोऱ्या मी पंधरा वर्षं शेजारच्या देविदासमामा आणि गुणामामींकडूनच घेतेय. दोघं अंगणात वीस पावलांवर समोरासमोर उभे राहायचे, मधे रेशमाचे ताणलेले दोरे, आणि आपापल्या टोकाला काडी फिरवून पीळ द्यायचे. पीळ भरला की मधोमध दुमडून गोफ करायचा. त्याआधी टोक सुटलं, तर सगळ्याचा गुंता. मामा मोठ्या टेचात सांगायचे, "चाळीस वर्सांत माझ्या हातून टोक सुटलं न्हाई." मग मी त्यांना चिडवायची, की आता तुमचा सत्कारच ठेवू.

गेल्या दिवाळीनंतर मामांना लकवा मारला. उजवा हात गेला, डाव्यातही जोर राहिला नाही. मामींच्या भाचीनं हुक लावलेलं ड्रिल मशीन आणून दिलं. एका टोकाचं काम त्यावर भागलं. दुसऱ्या टोकाला मात्र मामाच हवेत, हा मामींचा हट्ट. मामाही रोज सकाळी अंगणात खुर्ची मागून घ्यायचे. भिंतीत चांगला जाड खिळा होता, पण त्याच्याकडे त्या बघायच्याही नाहीत. मला राग यायचा, पण बोलणार काय? हे काम सुटलं की हा माणूस खाट धरेल, अशी धास्ती त्यांना होती. मलाही होती.

मार्चमध्ये लातूरच्या एका मंगल कार्यालयाची ऑर्डर आली, पडदे बांधायचे साठ गोफ. मी मदतीला गेले होते. मामा खुर्चीत बसले, टोक डाव्या मुठीत. मशीन फिरलं, पीळ चढला, दोरे आखडत गेले आणि ओढ बसून टोक सुटलं. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. तिसऱ्यांदा मामींनी ते त्यांच्या मनगटालाच बांधलं, तर मामा खुर्चीसकट कलंडले. आम्ही दोघींनी त्यांना उचलून बसवलं. मनगटावर लाल वळ उठला होता. मामी तोंडाला पदर लावून रडायला लागल्या.

"गुणे," मामा जड जिभेनं म्हणाले, "खिळ्याला बांध."

"न्हाई बांधत."

"बांध म्हणतो ना. खिळा सोडत न्हाई."

साठ गोफ दोन दिवसांत झाले. मी गोंडे लावायला गेले, तेव्हा मामांनी एक गोफ मागून घेतला आणि त्यावरून बोटं फिरवली.

"तुमच्यावानी पीळ न्हाई बसला," मामी म्हणाल्या.

"खोटं बोलू नको. माझ्याहून बरा बसलाय."

दुसऱ्या दिवसापासून मामांनी अंगणात खुर्ची मागितली नाही.