फळी टाकण्याआधी

माझा मामा नदीवर नाव चालवायचा. काठ आला, की पँट मांड्यांपर्यंत गुंडाळून आधी स्वतः पाण्यात उतरायचा, काठापर्यंत चालत जायचा, परत यायचा आणि मगच उतरायची फळी टाकायचा. ऊन असो, थंडी असो. लोक वैतागायचे.

"काय हो, नदी पळून गेली की काय?" दूधवाला हमखास चिडवायचा.

"जाते कधी कधी," मामा म्हणायचा. हसायचा मात्र नाही.

लढाईला जायच्या आधी म्हणे हाच माणूस फळी टाकण्यात पटाईत होता. तळ घासल्याचा आवाज आला, की फळी खाली. उशीर केला तर प्रवाह नावेचं तोंड फिरवतो. त्या चलाख हातांमुळेच लष्करानं त्याला सैनिक उतरवणाऱ्या बोटीवर घेतलं. माझे वडील, म्हणजे त्याचे दाजी, त्याच बोटीत होते. ते परत आले नाहीत.

"गोळी लागली, ताई. त्यांना कळलंसुद्धा नाही. मी जवळच होतो," असं मामानं आईला सांगितलं. मी तेव्हा पाळण्यात होते. "शेवटी तू होतास रे जवळ, तेवढंच," म्हणत आई बावीस वर्षं त्याला रोज डबा पाठवत आली. तो मान खाली घालून जेवायचा. मला वाटायचं, स्वभावच तसा.

एका दुपारी आम्ही मायलेकी त्याच्या नावेत होतो. काठ आला, मामा पँट गुंडाळू लागला.

"पुरे झाली तुझी थेरं!" आई करवादली. "गुडघाभर पाणी आहे, मला दिसतंय. टाक फळी."

मामा वाकलेला तसाच राहिला. "तेव्हाही मला असंच वाटलं होतं, ताई."

तरी तो पाण्यात उतरला, फळी टाकली, सगळ्यांना उतरवलं. आम्ही दोघी बसून राहिलो.

त्या दिवशी नुकतं उजाडत होतं, तो सांगू लागला. समोरच्या टेकडीवरून गोळ्या येत होत्या, बोटीत माणसं एकमेकांच्या अंगावर ओकत होती. तळ घासला आणि हात नदीवरच्याच सवयीनं चालला. साखळी सोडली, पुढची लोखंडी फळी धाडकन खाली. पण तो किनारा नव्हताच. वाळूचा नुसता उंचवटा होता, त्याच्या पुढे दोन पुरुष खोल पाणी. पहिली रांग धावत गेली ती तळाला. दाजी त्याच रांगेत.

"थांबा, थांबा म्हणून ओरडलो. तोफांत कुणाला ऐकू जातंय?"

"आणि गोळी?" आईनं विचारलं.

"नाही लागली."

"त्यांना पोहता येत होतं."

"पाठीवर तीस किलो ओझं होतं, ताई."

आई नावेच्या कडेवरून पाण्यात बघू लागली. मग म्हणाली, "आणि बावीस वर्षं माझ्या हातचं जेवलास?"

"जेवलो."

चार दिवस डबा गेला नाही. आई पुलावरून तीन मैलांचा वळसा घालून बाजाराला गेली. पाचव्या दिवशी ती स्वतःच डबा घेऊन काठावर उभी राहिली. मामा नेहमीसारखा पाण्यातून चालत आला आणि तिला बघून मध्येच थबकला.

"माफ नाही केलं," आई म्हणाली. "जेवून घे."

मामानं ओले हात शर्टाला पुसले, परत पुसले, मग डबा घेतला. फळी पडल्यावर आई नावेत चढली आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.